घाटघरची सपाटी

नारायणगावात आमच्या दुकानाला दिवाळीपेक्षा खंडेनवमीला जास्त गर्दी व्हायची. दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि त्याच्या आदल्या दिवशी इंजिनातलं ऑइल बदलायचं, ही जुन्नर-आंबेगावकडची रीत. वर्षभरात गाडी किती पळाली याच्याशी कोणाला देणंघेणं नसे. ऑइलच्या बॅरलशेजारी उभी राहून मी केस पांढरे केले आणि त्यातली पहिली काही वर्षं या रीतीशी भांडण्यातच गेली. "अहो, तुमची जीप दिवसभर ढोरासारखी राबते, तिला दसऱ्यापर्यंत उपाशी ठेवता?" असं म्हटलं की समोरचा हसायचा. "आमच्या बापानं पण असंच केलंय, शेठाणी." बापाकडे बैलगाडी होती हे मला माहीत असायचं, पण गिऱ्हाइकाच्या बापावर बोलायचं नसतं, एवढं व्यापाऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे कळत होतं.

माझं माहेर मंचरचं. आम्ही मारवाडी जैन, आमची माणसं काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून या भागात आली. आता घरात भांडण मारवाडीत सुरू झालं तरी संपतं मराठीतच. सासऱ्यांनी नारायणगावात हायवेला लागून गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. नव्वदच्या सुरुवातीला टोमॅटोचे टेम्पो आणि माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा वाढल्या, तेव्हा ऑइलही ठेवायला लागले. आमचे हे सुट्या भागांचे भोक्ते. बेअरिंग हातात आलं की दागिना पारखावा तसं फिरवून बघायचे. ऑइलमध्ये मात्र त्यांचा जीव रमेना, कारण हात बरबटायचे आणि यांना रोज पांढराशुभ्र शर्ट लागायचा. एक दिवस मला म्हणाले, "घरातलं तेल तू निवडतेस ना? मग हेही तूच बघ." म्हणाले थट्टेत. मी पदर खोचून बॅरलशेजारी उभी राहिले ती राहिलेच.

सुरुवातीला गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावरून मागे बघायची. "शेठ न्हाईत का?"

"जेवतायत. काय देऊ?"

"ऑइल पायजे व्हतं. शेठ आल्यावर बघतो."

"बसा की. पण शेठ आले तरी ते मलाच विचारणार आहेत."

आणि खरंच हे आतून हात पुसत येऊन विचारायचे, "कोणतं देऊ गं?" समोरच्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. पुढेपुढे माणसं दुकानात शिरतानाच "शेठाणी हायेत का?" विचारायला लागली. मी गल्ल्यावर नसले तर चहा घेऊन येतो म्हणून जायची.

ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं, आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतं. डब्यावर जे आकडे असतात ते तेलाच्या घट्टपणाचे. जुन्या इंजिनांना चाळीस नंबर चालायचं. पुढे वीस-चाळीस आलं, ते थंडीतल्या सकाळीही वाहतं आणि तापल्यावरही पाण्यासारखं होत नाही. आकड्यांच्या जवळ बारीक इंग्रजी अक्षरं असतात. ती कोणी वाचत नाही आणि खरी गोम तिथेच असते. 'सी'नं सुरू होणारं डिझेलच्या गाडीसाठी, 'एस'नं सुरू होणारं पेट्रोलच्या, आणि त्याच्या पुढचं अक्षर एबीसीडीत जितकं पुढचं तितका तेलाचा दर्जा नवा. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आणि जी अक्षरं दिली आहेत, ती ज्या साध्या तेलाच्या डब्यावर सापडतील ते डोळे झाकून घ्यावं. डब्यावर वाघ छापलाय की विमान, याचं इंजिनाला काही कौतुक नसतं.

माझं एकच सांगणं असायचं. महागडं तेल घालून विसरून जाण्यापेक्षा साधं तेल घाला आणि वेळेवर बदला. आणि घरी बदला, त्यात काही जादू नाही. एक पाना, एक नरसाळं, एक घमेलं आणि नवा फिल्टर लागतो. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करायचं. सपाट जागी उभी करायची. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात, त्याचा नट सोडायचा. जुनं तेल पूर्ण निथळू द्यायचं. मग नवं भरून गेजची पट्टी ओढायची आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आलं का ते बघायचं. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं की झोपेतही बरळत असेन, असं यांचं म्हणणं.

पण सांगणारा एक सांगतो आणि करणारा आपल्या स्वभावाप्रमाणे करतो. ओतूरकडचे एक आबा होते, ट्रॅक्टरवाले. तेल बदलल्यावर त्यांचा ट्रॅक्टर वीटभट्टीसारखा धूर ओकायला लागला. तक्रार घेऊन आले. मी विचारलं, "आबा, खुणेच्या वर किती घातलंत?"

"उरलं तेवढं समदं घातलं. पावण्याला वाढताना हात आखडतू का आपुन?"

"आबा, पाहुणा पुरे म्हणतो. इंजिनाला तोंड नाही."

आबांनी टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "खरंय राव," म्हणाले, आणि जास्तीचं काढायला गेले. त्यानंतर मी अशा सढळ हाताच्या माणसांना तेल देताना आबांचा किस्सा आधी ऐकवायचे.

उलट्या टोकाचाही एक होता. मंचरचा, म्हणून मला ताई म्हणायचा. बटाट्याचा टेम्पो चालवायचा. दोन हजारनंतर ते नवं महागडं सिंथेटिक तेल आलं तेव्हा त्यानं हट्टानं तेच घेतलं. मी म्हटलं, "तुझ्या जुन्या टेम्पोला साधं पुरतं रे, वेळेवर बदल म्हणजे झालं." तो म्हणाला, "ताई, यवढं भारी त्याल हाय, आता बदलायची गरजच न्हाई." दोनदा निरोप पाठवला, तरी आला नाही. ऐन बटाट्याच्या हंगामात इंजिन जाम झालं आणि टेम्पो भंगारात गेला. कष्टाळू पोरगा होता तो. त्याची आठवण आली की अजून जीव चुटपुटतो.

आता किसनची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर लिहायला बसले.

त्या काळी आम्ही सीलबंद डब्यांबरोबर बॅरलमधलं सुटं तेलही विकायचो. गिऱ्हाईक घरून कॅन घेऊन यायचं, मी हातपंपानं मापात काढून द्यायचे. तेल साधंच, पण आकडा आणि अक्षर बरोबर, आणि डब्याचा खर्च वाचल्यामुळे बरंच स्वस्त पडायचं. मात्र सुटं तेल म्हणजे बदनाम धंदा. कुठेकुठे जळकं तेल गाळून पुन्हा विकायचे लोक. म्हणून नवं बॅरल फोडलं की मी आधी पळीभर तेल स्टोव्हवर तापवून बघायचे. तडतडलं तर पाणी आहे. थेंबभर टीपकागदावर सोडून तो कसा पसरतो ते बघायचे. पळी अर्थात दुकानाची वेगळी होती, नाहीतर सासूबाईंनी मलाच तळलं असतं. नारायणगावच्या स्टँडवरचे जीपवाले माझ्याकडचं सुटं तेल बिनघोर न्यायचे, याचा मला अभिमान होता. आजही आहे.

किसन घाटघरचा. घाटघर म्हणजे जुन्नरच्या पार पश्चिमेला, नाणेघाटाच्या माथ्यावरचं गाव. त्याच्याकडे एक जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली जीप होती. ती घाटघर ते जुन्नर चालवायचा. एसटी त्या काळी तिकडे मनात आलं तर यायची. त्यामुळे आजारी माणूस असो, बाजाराची पाटी असो नाहीतर माहेरवाशीण, सगळं त्याच्या जीपमधून. घरात आई हौसाबाई आणि हा, आणि दोघांचं सगळं त्या जीपवर. दर वर्षी तो जुन्नरला गॅरेजमध्ये ऑइल बदलून घ्यायचा. त्या वर्षी मीच त्याला म्हटलं, "किसनभाऊ, घरी बदला की. मजुरी वाचेल." त्यानं सगळं मन लावून ऐकलं. मी शेवटी पुन्हा बजावलं, "गाडी सपाट जागी लावायची."

"व्हय व्हय. सपाटीवरच लावतो."

बॅरलमधलं सुटं तेल कॅनमध्ये घेऊन गेला.

दसरा झाला आणि पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, रस्त्यावरून आरोळी आली. "शेठाणी, भायेर या! ह्ये बघा तुमचं त्याल!"

बघते तर किसन. हातात बाटली, त्यात काळंठिक्कर तेल. डोळे लाल.

"दोन रोज न्हाई झालं आन् डांबर झालं! चढाला लागलो की ऑइलचा लाल दिवा पेटतोय. इंजिन टकटक करतंय. गाडी दारात हुबी हाय, शेठाणी. माझ्या प्वाटावर पाय दिला तुमी!"

स्टँडवरचे जीपवाले जमले. कोणीतरी म्हणालं, "सुटं त्याल म्हणल्यावर दुसरं काय व्हणार?" दुसऱ्यानं बाटली हातात घेऊन बोटावर तेल चोळलं आणि बोट आमच्या पायरीला पुसून ती परत दिली. ते पुसणं मला जास्त लागलं.

तेल काळं होतं म्हणून ते वाईट असं नाही, हे मी शंभर जणांना समजावलं होतं. डिझेल इंजिनात चांगलं तेल काजळी धुऊन आपल्या अंगावर घेतं, म्हणून तर काळवंडतं. पण दोन दिवसांत डांबर? आणि लाल दिवा म्हणजे तेल इंजिनात पोहोचतच नाही. बॅरलात खरंच खोट असेल तर? माझ्या हातून गेलेल्या तेलावर आणखी किती गाड्या पळत होत्या!

हे माझ्या कानाशी आले. "एक सीलबंद डबा दे त्याला, चहा पाज, मिटव."

"मिटवलं म्हणजे कबूल केलं."

"सणाचे दिवस आहेत गं. बाजार भरलाय."

"म्हणूनच."

मी बॅरलचं झाकण लावलं, पंप काढून ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काय झालंय ते मला कळेपर्यंत या बॅरलमधलं थेंबभर तेल विकणार नाही." यांनी कपाळाला हात लावला. दिवाळी तोंडावर आली होती आणि बॅरल जवळजवळ भरलेलं होतं.

आत जाऊन पुन्हा पळी तापवली. तडतड नाही. टीपकागदावर थेंबही बरोबर पसरला. पण मनाची समजूत पटेना. बाहेर आले आणि किसनला म्हटलं, "गाडी चालू करू नका. किल्ली आईकडे द्या. उद्या सकाळी मी घाटघरला येते."

त्याचा राग एकदम ओसरला. "तुमी? यवढ्या लांब?"

"माझं नाव तुमच्या इंजिनात अडकलंय, किसनभाऊ. काढायला मलाच यायला पाहिजे."

सकाळी मी निघाले तर हेही तयार होऊन बसलेले, पांढराशुभ्र शर्ट घालून. म्हटलं, "लग्नाला निघालात का?" म्हणाले, "तू कोर्टात निघालीस, वकील नको का?" बरोबर नवा फिल्टर, पाने, एक सीलबंद डबा आणि त्याच बॅरलमधून भरलेला एक कॅन घेतला. जुन्नरपर्यंत एसटी, पुढे एका ओळखीच्या जीपमधून. वाटेत मी कॅन मांडीवरून खाली ठेवला नाही. हे दोनदा म्हणाले, "बरी आहेस ना?"

घाटघरला वारा असा की पदर धरून चालावं लागतं. किसनचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला. जीप दारात उभी, तोंड खाली रस्त्याकडे, पुढच्या चाकाखाली दगड.

"अशी का लावलीय?"

"बॅटरी म्हातारी झालीय, शेठाणी. दगड काढला की गाडी गडगडत जाती, मंग गिअर टाकायचा, की झाली चालू. समदेच लावत्यात अशी."

"तेल कुठे बदललंत?"

"हितंच."

"मी सपाट जागी म्हटलं होतं ना?"

किसननं माझ्याकडे असं पाहिलं जणू मला दिसत नाही. "मंग ही काय हाय? सपाटीच की."

मागे हे खोकले. हौसाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "ह्याच्यापरीस सपाट जागा हाय कुठं आमच्या गावात?" आणि खरं सांगायचं तर आजूबाजूचे कडे, घाट आणि पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांकडे बघितलं की तिचंही काही चुकत नव्हतं. नारायणगावात सपाट म्हणजे सपाट. इथे उभं राहता आलं की सपाट.

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. "जुनं तेल काय केलंत?"

ते त्यानं डब्यात जपून ठेवलं होतं. जळकं तेल चौकटींना आणि नांगराच्या लाकडाला लावतात, वाळवी लागत नाही. डबा निम्म्यालाही आला नव्हता.

"एवढंच निघालं?"

"यवढंच. नट लई येळ उघडा ठेवला व्हता."

"आणि मी दिलेलं नवं?"

"उरलंय की. पट्टी काढली तर खुणेला कवाच लागलं व्हतं. मला वाटलं, शेठाणीच्या त्यालात बरकत हाय."

मी हौसाबाईकडे वळले. "मावशी, एक परात द्या, आणि तांब्याभर पाणी."

जीपच्या शेजारी जमिनीवर परात ठेवली आणि पाणी ओतलं. सगळं पाणी पुढच्या कडेला जाऊन साचलं. मागची बाजू कोरडी.

"किसनभाऊ, हे तुमचं चेंबर. तुमच्या गाडीचा नट कुठे आहे? इथे, मागे, कोरड्या कडेला. म्हणजे नट उघडला तरी पुढचं जुनं तेल आतच राहिलं. आणि गेजची पट्टी कुठे आहे? पुढे. तिथे तेल साचलेलं, म्हणून तिनं भरलं म्हणून सांगितलं. तुम्ही जुन्या काजळीत थोडंसं नवं घातलंत. ते लगेच काळं होणार नाही तर काय? आणि मुळात कमी. चढाला लागलात की ते सगळं मागे पळतं आणि तेल ओढणारी पुढची नळी कोरडी पडते. मग दिवा पेटतो."

किसन उकिडवा बसून परातीकडे बघत राहिला. बोट बुडवून पाणी मागे ढकलून पाहिलं. ते परत पुढे आलं. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर चापट मारली.

"म्हंजी त्याल चांगलं हाय?"

"तेल चांगलं आहे."

एवढं म्हणून मी परातीशेजारी खाली बसले. रात्रभर धरून ठेवलेलं होतं सगळं. दागिने मिळाल्यावर कधी एवढं बरं वाटलं नसेल जेवढं त्या परातीतल्या पाण्याकडे बघून वाटलं.

पण सुटका अर्धीच होती. आपलं तेल चोख निघालं, पण त्याचं इंजिन वाचलंय का? ते कळायला जुनं तेल पूर्ण काढून नवं भरायला हवं, आणि त्यासाठी सपाट जागा. सगळ्या घाटघरात खरी सपाट जागा एकच, भात झोडायचं खळं. हौसाबाईचं खळं घराला लागूनच होतं, नुकतंच चोपून, शेणानं सारवून आरशासारखं केलेलं. भात कापणीला आलेलं होतं.

किसननं आईकडे पाहिलं. हौसाबाईचा चेहरा कडक झाला. "खळ्यावर चाक? आमी तिथं चप्पल न्हाई न्येत. त्याल सांडलं तर भाताला वास लागंल."

तराजूला पाय लागला तर आम्हीही नमस्कार करतो. कोणाच्या धान्याच्या जागेवर मी कोणत्या तोंडानं गाडी मागणार?

तेव्हा हे पुढे झाले. "मावशी, थेंब सांडणार नाही. सांडला तर या शर्टानं पुसतो."

म्हातारीनं शर्टाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लई धुतल्याला दिसतोय." मग जीपकडे बघत म्हणाली, "न्या. ती बी लक्ष्मीच हाय. तिच्यावरच खातूय आमी."

शेजारचे चार गडी आले, चाकं धुतली, आणि जीप ढकलत खळ्यावर आणली. मी पुन्हा परात ठेवली. पाणी जागचं हललं नाही. खाली पोती अंथरली आणि किसन नट सोडायला वाकला, पण पाना पुन्हा पुन्हा निसटायला लागला. मग आयुष्यभर ऑइलला न शिवलेले आमचे हे पोत्यावर उताणे पडून गाडीखाली गेले. नट सुटला आणि जुनं तेल येतच राहिलं, येतच राहिलं. धार पान्यावरून मनगटावर आणि मनगटावरून बाहीत गेली. शर्टाची ती बाही कायमची गेली. खळ्यावर खरोखर थेंब पडला नाही.

नवा फिल्टर बसवला. नट आवळला. आता माझ्यापुढे दोन होते, सीलबंद डबा आणि बॅरलमधला कॅन. किसन दोन्हींकडे बघून म्हणाला, "कंचं घालायचं, शेठाणी? तुमीच सांगा."

मी कॅनकडे बोट केलं. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि नरसाळं लावलं. हौसाबाईनं मागून हात जोडल्याचं मला दिसलं. कोणाला जोडले ते तिला माहीत.

पट्टी काढली, तेल दोन खुणांच्या मध्ये. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की सपाटीवर गाडी गडगडत नाही! गडी हसत सुटले. "आता ढकला गाडीला," म्हणत सगळ्यांनी जोर लावला. इंजिन घरघरलं, अडखळलं आणि धरलं. लाल दिवा पेटलेला. किसन दिव्याकडे बघतोय, मी दिव्याकडे बघतेय, बाहेर हौसाबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघतेय. दिवा विझला. टकटक जरा वेळ ऐकू आली, मग कमी होत गेली आणि थांबली.

मी पुढच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "चढाला घ्या." चढाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दिवा पुन्हा पेटला नाही. परत येताना किसन गाडी चालवता चालवता रडत होता आणि मला सांगत होता की वारा डोळ्यांत जातोय.

हौसाबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी आणि वालाची भाजी. "कांदा-लसूण न्हाई घातला. तुमच्यात चालत न्हाई ना? आन् दिस बुडायच्या आत खाता ना तुमी? बसा लवकर." इतक्या लांबच्या गावात एवढं कोणी लक्षात ठेवलं, याचं मला फार वाटलं. ती भाजी अजून जिभेवर आहे.

पुढच्या आठवडे बाजाराला दुकान गच्च भरलेलं असताना पुन्हा तीच आरोळी. "शेठाणी, भायेर या!" किसन त्याच जागी उभा होता. स्टँडवरचे सगळे जीपवाले जमेपर्यंत थांबला आणि मग गेल्या वेळेइतक्याच मोठ्यानं ओरडला, "ऐका रं! शेठाणीचं त्याल चोख हाय! माझंच आंगण वाकडं हाय!"

कोणीतरी गर्दीतून टोमणा मारला, "नाचता येईना, आंगण वाकडं!"

मी म्हटलं, "हसू नका. त्यांचं अंगण खरंच वाकडं आहे, मी परात ठेवून बघितलंय." सगळा रस्ता हसला. त्यात सगळ्यात मोठ्यानं किसन. यांनी आतून हातपंप आणून बॅरलला लावला, आणि दिवाळीच्या आत ते बॅरल रिकामं झालं. तो काळ्या बाहीचा शर्ट मी फडक्याला काढला होता. यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.

कापणी झाल्यावर किसन त्या खळ्यावरचा तांदूळ घेऊन आला. आईचा निरोप होता, "शेठाणीला म्हणावं वास घेऊन बघ." मी पोत्यात नाक खुपसून वास घेतला. नुसता नव्या तांदळाचा वास.

त्यानंतर डोंगरातल्या गिऱ्हाइकांना मी सपाट जागी लावा असं कधी म्हटलं नाही. म्हणायचे, "परात ठेवा, पाणी ओता, आणि पाणी हललं नाही तरच नट सोडा." हे वाक्य चावंडकडे गेलं, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या गावांपर्यंत गेलं. पुढे सुटं तेल बंद झालं, सीलबंद डबेच उरले. मग गाड्या शोरूमला जायला लागल्या आणि डब्यावरची अक्षरं वाचायला कोणाला वेळ उरला नाही. माणसं येतात, टीव्हीवर बघितलेलं नाव सांगतात, डबा घेऊन जातात. कॅन पुढे करून "यंदा भात कसं आहे?" हे विचारायला जेवढा वेळ लागायचा तेवढाही आता लागत नाही. रिकामं बॅरल मी विकू दिलं नाही. त्यात तुळस लावली आहे.

हौसाबाई गेली. किसनकडे नवी गाडी आहे, बटण दाबलं की चालू होणारी, धक्का नको की उतार नको. वर्षभर तो ती जुन्नरला नेऊन तेल बदलून घेतो, तेही वेळेवर. पण खंडेनवमीचं तेल तो घरीच बदलतो, त्या दिवशी गाडी खळ्यावर येते. चाकं धुतात, परात मांडतात, परातीला हळदकुंकू लागतं, आणि त्यात तांब्याभर पाणी ओततात. मग दुकानाचा फोन वाजतो.

"शेठाणी, परात ठेवलीय. पाणी हललं न्हाई."

मी म्हणते, "मग सोडा नट."